आधी आमच्या ले-आउटचा हिशेब द्या, मग नवीन नागपूर बांधा

नागपूर महानगराचं नियोजन आणि विकास ज्यांच्या अखत्यारीत आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'नवीन नागपूर'ला मंजुरी दिली. हिंगणा तालुक्यातल्या मौजा गोधणी (रिठी) आणि लाडगाव इथली सुमारे 692 हेक्टर जमीन, तिथं आंतरराष्ट्रीय दर्जाचं व्यवसाय आणि वित्त केंद्र, शिवाय शहराभोवती 148 किलोमीटरचा नवा बाह्य वळण मार्ग. ही बातमी मी घराच्या पोर्चमध्ये बसून वाचली, पाय खुर्चीवर घेऊन. रात्री पाऊस झाला होता आणि पोर्चमध्ये घोटाभर पाणी होतं. त्या पाण्यात शेजारच्या तीन घरांच्या सेप्टिक टँकचं पाणी मिसळलेलं होतं. वास सांगत होता, वेगळं तपासायची गरज नव्हती.

नवीन नागपूर होऊच नये, असं मी म्हणत नाही. माझी मुलगी शिकून पुण्याला गेली, तिच्या वर्गातली कितीतरी मुलं पुण्या-हैदराबादला आहेत. इथं काम तयार झालं तर मला आनंदच आहे. गोधणी-लाडगावच्या शेतकऱ्यांचे त्यांच्या जमिनीबद्दलचे प्रश्न आहेत, ते त्यांचे त्यांनी मांडावेत आणि आपण मनापासून ऐकावेत. माझं म्हणणं वेगळं आहे. गेल्या 25 वर्षांत या शहराच्या कडेला, आपल्या डोळ्यांदेखत एक अख्खं नागपूर उभं राहिलं आहे. बेसा, घोगली, पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा, बहादुरा, वाठोडा, तरोडी, दाभा, बोखारा. तिथं हजारो कुटुंबं राहतात. त्यांचं काम अर्धवट ठेवून आपण पुढचं शहर काढताय, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माझे वडील मिल कामगार होते. मिल बंद पडली तेव्हा जे पैसे हातात आले त्यातून त्यांनी 30 बाय 50चा, म्हणजे 1500 चौरस फुटांचा प्लॉट घेतला. महालात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. प्लॉट बघायला गेलो तेव्हा बाजूला सोयाबीन उभं होतं आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. विक्रीपत्रात मौजा आहे, खसरा नंबर आहे, पटवारी हलका नंबर आहे, आणि चतुःसीमेत 'पूर्वेस 9 मीटर रोड' असं लिहिलं आहे. तो रोड तेव्हा फक्त त्या ओळीत होता. वडील दर रविवारी सायकलनं जायचे आणि प्लॉटच्या चार कोपऱ्यांतले दगड जागेवर आहेत का ते बघून यायचे. 2011 मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून आम्ही तिथं घर बांधलं. वडील त्यात चार वर्षं राहिले. मी इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, म्हणून पुढचंही हिशेबासारखंच मांडतो: आम्ही काय दिलं आणि आम्हाला काय मिळालं.

ले-आउटचं, म्हणजे शेतजमिनीवर प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या वस्तीचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तेवढ्यापुरती एक जेसीबी येते, दोन ट्रक मुरूम पडतो आणि फाईल बंद होते. आमच्यासारखी शेकडो ले-आउट आहेत. नागपुरात '572' आणि '1900' हे आकडे नुसते उच्चारले तरी समोरच्याला कळतं की अनधिकृत ले-आउटबद्दल बोलणं चाललंय. दुसऱ्या कुठल्या शहरात ले-आउटच्या संख्येलाच असं नाव पडलं असेल का, मला शंका आहे.

आता एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो आधीच घेतो. अनधिकृत ले-आउटमध्ये प्लॉट घेतलाच का? घेतला, कारण मंजूर ले-आउटमधला प्लॉट मिल कामगाराच्या पैशात बसत नव्हता. आणि घेतला तेव्हा तो आम्हाला चोरीचा वाटावा असं सरकारनं काही केलं नाही. मुद्रांक शुल्क घेऊन सरकारी कार्यालयानंच विक्रीपत्राची नोंदणी केली. वीज मीटर मिळालं. घरटॅक्सची पावती दर वर्षी येते. 2001 मध्ये असे छोटे अनधिकृत प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. 2025 मध्ये जमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारे तुकडेबंदीचे नियमही सैल करायचा निर्णय झाला. आम्हीही अर्ज केला, डिमांड नोट भरली, आरएल लेटर घेतलं. ज्यांना नागपूरची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आणि त्यासाठी भरलेल्या पैशात विकास शुल्कही असतं. म्हणजे रस्ता, नाली, पाणी, दिवे यांचे पैसे आम्ही भरले आहेत. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या पावत्या आहेत. प्लॉट कागदावर नियमित झाला, त्याला कित्येक पावसाळे झाले. जमिनीवर मात्र तो होता तिथंच आहे.

पहिली तक्रार नालीची आणि गडर लाइनची, म्हणजे मैलापाणी वाहून नेणाऱ्या भूमिगत गटाराची. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरून बघणाऱ्याला ही सगळ्यात कमी दिसते.

आमच्याकडे जमीन काळ्या मातीची आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एकदा ती भिजली की पाणी खाली जाऊ देत नाही. अशा जमिनीत सेप्टिक टँकला शोषखड्डा जोडून काही उपयोग होत नाही. जुलै लागला की खड्डा भरतो, टँक भरतो आणि मैला उलटा फिरून बाथरूमच्या जाळीतून वर येतो. माझी आई 74 वर्षांची आहे. जून ते सप्टेंबर ती रोज रात्री झोपण्याआधी एक वीट ओल्या फडक्यात गुंडाळून त्या जाळीवर ठेवते. सकाळी उठल्यावर पहिलं काम वीट उचलायची, फडकं फिनाइलमध्ये टाकायचं, जागा धुवायची. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत अशी वीट आहे. मैला उपसणारी गाडी पावसाळ्यात बोलावली तर दुप्पट पैसे मागते, आणि उपसून ती गाडी कुठं रिकामी होते हे आम्हाला माहीत आहे. मागच्याच नाल्यात. तो नाला पुढं नदीला मिळतो, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्द धरणात साठतं. आमच्या जाळीवरची वीट आणि भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचं पाणी यांचा संबंध आहे, आणि तो तोडता येण्यासारखा आहे.

शहराला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. भांडेवाडीला सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांपर्यंत पोचवणारं हेच शहर आहे. पण प्रक्रिया केंद्रापर्यंत जायला आधी घरासमोर लाइन हवी, ती आमच्याकडे आली नाही.

रस्ता आला. तो कसा आला, तेही सांगतो. 2011 मध्ये घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून चार पायऱ्या चढून आम्ही आत यायचो. मिस्त्री म्हणाला होता, 'काका, जोतं उंच ठेवा, पुढं रोड वर येईल.' मग दर निवडणुकीआधी मुरूम पडला, मग गिट्टी, मग डांबर, मग त्याच्यावर सिमेंट. जुना थर खरवडून काढायचा असतो, हे आमच्याकडे कुणी पाळलं नाही. आता दीड पायरी उरली आहे. रस्ता वर आला आणि नाली झालीच नाही, म्हणून रस्त्याचं सगळं पाणी घरांकडे येतं. माझ्या शेजाऱ्यानं दाराशी विटांचा बांध घातला आहे. त्याच्या घरात आता पाणी शिरत नाही, ते माझ्याकडे वळतं. आम्ही दोघं वीस वर्षांपासूनचे ओळखीचे, यावरून आमचं बोलणं महिनाभर बंद होतं. नाली नसली की माणसं एकमेकांवर असं पाणी लोटतात.

पाण्याचं दुखणं उन्हाळ्यात कळतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि कूलरशिवाय म्हातारी माणसं, लहान मुलं घरात थांबू शकत नाहीत. कूलर दिवसभर पाणी पितो. शहरात पेंच आणि कन्हानचं पाणी नळाला येतं, आमच्याकडे बोअर आहे. घर बांधलं त्या वर्षी पाणी 90 फुटांवर लागलं होतं, शेजारच्या बांधकामाला गेल्या वर्षी 300 फुटांवरही ओल लागली नाही. टँकर येतो, त्याच्या पाळीसाठी व्हॉट्सअप ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर मे महिन्यात जी भांडणं होतात ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. जलकुंभ दोन वर्षांपासून उभा आहे. रंगवलेला आहे. त्याला खालून लाइन जोडलेली नाही.

आता 'हे काम कुणाचं?' याबद्दल. मला सगळ्यात जास्त थकवलं ते या प्रश्नानं.

शहराचं नियोजन बघणारा नागपूर सुधार प्रन्यास 1936 सालचा. महानगरपालिका 1951 ची. 2017 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, त्याच्याकडे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र आणि सातशेच्या वर गावं. त्या क्षेत्राची विकास योजना जानेवारी 2018 मध्ये मंजूर झाली. हुडकेश्वर-नरसाळा 2013 मध्ये मनपात आलं, बाजूच्या गावांत कुठं ग्रामपंचायत, कुठं नगर पंचायत. सुधार प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय झाला, मग तो निर्णय फिरला. प्रत्येक बदलाबरोबर आमच्या ले-आउटच्या फायली एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेल्या असणार, कारण आम्ही विचारायला गेलो की उत्तर तेच मिळायचं: फाईल इथं नाही.

एका कार्यालयात मला सांगितलं, विकास शुल्क आम्ही घेतलं खरं, पण काम दुसऱ्या यंत्रणेकडे हस्तांतरित झालं. त्या दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब भले होते, त्यांनी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, ले-आउट हस्तांतरित झालं पण त्याचे पैसे आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, आमच्या हद्दीत फक्त तुमचा टॅक्स येतो. मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून जातो, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. अशा नऊ फेऱ्या माझ्या डायरीत तारखेसह नोंदवल्या आहेत. कुणी उर्मटपणे वागलं असं मी म्हणणार नाही. पण ही नाली माझी आहे, असं म्हणणारं एकही टेबल मला सापडलं नाही.

आणि लोकप्रतिनिधींकडे जावं, तर मार्च 2022 पासून मनपात कित्येक वर्षं प्रशासकच होते. 74 व्या घटनादुरुस्तीनं दहा लाखांच्या वरच्या महानगरांसाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे आणि तिच्यातले किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका-पंचायतींच्या निवडून आलेल्या लोकांनी आपल्यातूनच निवडायचे आहेत. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाखांवर होती. एवढ्या मोठ्या महानगराची पुढची पन्नास वर्षं ठरतात, त्या टेबलावर बेशाच्या, बहादुऱ्याच्या, तरोडीच्या माणसाचा आवाज पोचला पाहिजे की नाही?

नाल्यांबद्दल थोडक्यात लिहितो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. माणसं गेली. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तो जुना, आखलेला, पश्चिम नागपूरचा भाग होता, तिथं ही गत झाली. आमच्याकडे तर नाले नकाशातच अरुंद झाले आहेत. विक्रीपत्रासोबतच्या नकाशात आमच्या ले-आउटच्या मागचा नाला जाड रेघेनं दाखवला आहे, आज तिथं पाच फुटांचा पाइप टाकून वर माती भरली आहे आणि त्या भरावावर 'प्लॉट विकणे आहे' असा फलक उभा आहे. तो भराव पडताना आम्ही तक्रार केली, फोटो पाठवले. जुलैत त्या पाइपाच्या तोंडाशी पाणी तुंबतं, तेव्हा फलकाचे खांब पाण्यात असतात. उद्या तो प्लॉट कुणीतरी घेईल. असाच एखादा निवृत्तीचे पैसे हातात आलेला माणूस घेईल, आणि त्यालाही पुढं कुणीतरी विचारेल, 'घेतलाच का?'

मोकळ्या जागेचं दुःख तेवढंच आहे. ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवायचा नियम आहे. आमच्या नकाशात बगीचाही आहे आणि पीयू लँडही, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा. मुलं अजून रस्त्यावर खेळतात. मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये पूर्ण झाला, दुसरा 43.8 किलोमीटरचा टप्पा बुटीबोरी, हिंगणा, कन्हान, कापसीपर्यंत जाणार आहे, त्याचं स्वागत आहे. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आहे, म्हणजे उंच इमारती येणार. त्यांचं सांडपाणी कुठल्या लाइनला जाणार, एवढं आधी ठरावं. आणि आमच्या ले-आउटमधून जवळच्या स्टेशनपर्यंत एक बस सुरू व्हावी, सकाळी सात ते रात्री नऊ. आज त्यासाठी ऑटोवाला शंभर रुपये घेतो.

आता मागण्या. कुठलीही मागणी नवी योजना मागत नाही, आपण आधीच घेतलेल्या पैशाचं आणि आधीच केलेल्या कायद्याचं काम मागते.

विकास शुल्काचा आणि नियमितीकरणाच्या पैशांचा ले-आउटनिहाय हिशेब जाहीर करा. मौजा, खसरा, किती प्लॉटधारकांनी किती भरले, त्यातून कुठलं काम झालं, किती शिल्लक आहे आणि ती शिल्लक कुणाच्या खात्यात आहे. मी रोज चाळीस दुकानांची उधारी-जमा एका वहीत जुळवतो. आपल्याकडे संगणक आहेत आणि माणसं आहेत. माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी मागणी आहे. बाकीच्या हिच्यामागून येतात.

प्रत्येक ले-आउटसाठी एकच जबाबदार यंत्रणा आणि एकच जबाबदार अधिकारी नेमा, आणि त्याच्या पदाचं नाव ले-आउटच्या तोंडाशी फलकावर लावा. हद्द बदलली तर पैसे आणि फाईल दोन्ही एकाच दिवशी हलली पाहिजेत.

इथून पुढं गडर लाइन, पाण्याची लाइन आणि पावसाळी नाली जमिनीत गेल्याशिवाय कुठल्याही ले-आउटमधल्या प्लॉटची विक्री होऊ देऊ नका. 500 चौरस मीटरच्या वरचं ले-आउट रेरात, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदवावं लागतं, तो नियम शहराच्या कडेला कागदापुरता राहू नये.

2018 च्या मंजूर विकास योजनेत जे नाले आहेत त्यांची जागेवर मोजणी करा, दगड रोवा, भराव काढा. आमच्या मागचा पाइप येत्या 31 मेच्या आत काढा.

सिमेंटचा नवा थर टाकण्याआधी रस्त्याची मूळ पातळी तपासा. उभा असलेला जलकुंभ लाइनला जोडा.

आणि नवीन नागपूरसाठी जे कर्ज काढलं जाईल, त्याचा पहिला हप्ता खर्च होण्याआधी या जुन्या वस्त्यांच्या कामाचं वेळापत्रक तारखांसह प्रसिद्ध करा. महानगर नियोजन समितीची बैठक बंद दाराआड न घेता एकदा आमच्यासारख्या भागात घ्या. खुर्च्यांची व्यवस्था आम्ही करू.

या पत्राचं लेखी उत्तर 60 दिवसांत मिळावं ही विनंती. आमच्या ले-आउटमधल्या 112 प्लॉटधारकांच्या सह्या मूळ प्रतीवर आहेत. उत्तर आलं तर ते आम्ही जसंच्या तसं चौकातल्या फलकावर लावू, नाही आलं तर तसं लिहून लावू.

आपला विश्वासू,
एक प्लॉटधारक, दक्षिण नागपूर

सोबत: विक्रीपत्र व नकाशाची प्रत, डिमांड नोट आणि आरएल लेटर, नऊ फेऱ्यांच्या नोंदी असलेली डायरीची पानं, आणि घराच्या दाराचे दोन फोटो. एक 2011 चा, चार पायऱ्यांवर वडील उभे असलेला. दुसरा या पावसाळ्यातला.